दोन बेटांच्या मध्ये काय असते?

बेट कशाला म्हणतात हे तुम्हांला प्राथमिक शाळेपासून पाठ आहे. ज्या भूभागाच्या चारही बाजूंना पाणी असते, ते बेट. व्याख्या बरोबर आहे आणि परीक्षेत तिला पूर्ण गुणही मिळतात. पण तिच्यात एक बाजू राहून गेली आहे. चार बाजू झाल्या, खालच्या बाजूचे काय? बेटाच्या खाली काय असते? आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे होडीने जाताना मधल्या पाण्याच्या तळाशी काय असते?

हा प्रश्न मी बऱ्याच मुलांना विचारून पाहिला आहे. "खाली पाणीच असणार" असे सांगणारी मुले थोडीथोडकी नाहीत. (मोठी माणसेही असेच सांगतात, फक्त जरा हळू आवाजात.) त्यांच्या मनातले बेट कमळाच्या पानासारखे पाण्यावर तरंगत असते. तेव्हा उत्तर शोधण्यासाठी आज आपण बेटांची सहल करू. खिशात पैसे बेताचेच आहेत असे धरून चालू, म्हणजे विमान नको, आगबोट नको. एखादी होडी मिळाली की झाले.

बेटांची सहल म्हटले की अंदमान, लक्षद्वीप, मालदीव ही नावे पुढे येतात. अक्कलकुव्याचे नाव कोणी घेणार नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका. निम्मा सपाटीवर, निम्मा सातपुड्यात. इथे समुद्र नाही. पण अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे जा, तिथून डोंगर उतरत उत्तरेला नर्मदेकडे जा. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी या भागात पोहोचलात की समोर जे दृश्य दिसते ते पाहून कोणीही म्हणेल, ही तर बेटे! रुंद, संथ पाणी आणि त्यातून वर आलेले हिरवे टापू. काही टापूंवर झोपड्या, मक्याची शेते, बांधलेल्या शेळ्या. एका टापूवरून दुसऱ्यावर जायचे तर होडीच हवी.

हे पाणी सरदार सरोवराचे आहे. धरण गुजरातेत, पण त्याचा फुगवटा नर्मदेच्या खोऱ्यात मागे २०० कि.मी. हून अधिक पसरला आहे. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून नर्मदा सुमारे ५४ कि.मी. वाहते, तो सारा भाग या जलाशयात येतो. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतल्या ३३ गावांना त्याचे पाणी लागले. त्यांत पहिले गाव मणिबेली. तिथे १९९३ साली पाणी चढले. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली, २०१७ साली दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. त्या वेळी पाण्याची पातळी होती समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर. हा आकडा विचित्र वाटतो ना? नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली निवाडा दिला तेव्हा पातळी फुटांत ठरवली होती, ४५५ फूट. त्याला ०.३०४८ ने गुणून पहा. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी तो आपल्याला लागणार आहे.

या टापूंमध्ये फिरणे ही तिथल्या लोकांची सहल नव्हे. दवाखाना, रेशन, शाळा, बाजार, सगळे पाण्यापलीकडे. म्हणूनच बार्जवर बसवलेला तरंगता दवाखानाही या भागाने पाहिला आहे. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी काय केले ते वर्तमानपत्रांत आले होते. रोगाच्या भीतीने लोक अंगणवाडीत येईनासे झाले, तेव्हा त्या एका मासेमाराची लहान होडी घेऊन स्वतः वल्हवत निघाल्या. अलिघाट आणि दादर या पाड्यांवरच्या तान्ह्या मुलांची वजने करायची, गरोदर बायांना पोषक आहार पोचवायचा. त्यासाठी आठवड्यातून पाच दिवस १८ कि.मी. वल्हवणे होई. बेटांवरून बेटांवर हिंडण्याची इतकी स्वस्त आणि इतकी कष्टाची पद्धत दुसरी नसेल.

आता आपण त्या होडीत बसलो आहोत असे समजा. दोन टापूंच्या बरोबर मध्ये होडी आली आहे. खाली वाकून पाहा. काय दिसते? हिरवट, मातकट पाणी. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटे दिसेनाशी होतात.

पाण्यात किती खोलवर दिसते हे मोजण्याची एक फार साधी रीत आहे. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात ती वापरली. एक पांढरी तबकडी दोरीला आडवी टांगून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होताच दोरी मोजायची. इतकेच. स्वयंपाकघरातली जुनी पांढरी थाळी आणि गाठी मारलेली दोरी यांवर हे काम भागते. स्वच्छ समुद्रात तबकडी २०-३० मीटरपर्यंतही दिसत राहते. पावसाळ्यातल्या नदीत ती वीतभर खाली जाते न जाते तोच नाहीशी होते. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते दिवसेंदिवस तळाशी बसत नाहीत. प्रत्येक कण प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि मग पाण्याचा पडदा तयार होतो. हिवाळ्यात पाणी निवळते, पण तळ दिसण्याइतके नाही.

म्हणजे आपला प्रश्न इथे डोळ्यांनी सुटत नाही. जिथे तळ दिसतो अशा पाण्याकडे जायला हवे. त्यासाठी महाराष्ट्राच्या या कोपऱ्यातून थेट दुसऱ्या कोपऱ्यात, मालवणला जाऊ.

मालवणच्या किनाऱ्यासमोर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर त्याचा पाया घातला. धक्क्यावरून माणसे भरून होड्या किल्ल्यावर जातात, म्हणजे भाडे वाटून जाते. किल्ल्याच्या भोवतालच्या उथळ, खडकाळ समुद्रात प्रवाळ वाढतात. हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दिवाळीनंतर पाणी निवळले की इथे तोंडावर काचेचा मुखवटा आणि तोंडात वाकडी नळी धरून माणसे पाण्यावर पालथी तरंगताना दिसतात. या नळीला स्नॉर्कल म्हणतात. मुखवटा आणि नळी, साधने एवढीच. पण या दोन साध्या वस्तूंमध्ये तुमच्या पुस्तकातले दोन धडे दडले आहेत.

आधी मुखवटा घेऊ. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले आहेत ना? सगळे धूसर दिसते. पाणी स्वच्छ असले तरीही! याचे कारण प्रकाशाचे वक्रीभवन. (तुमच्या आताच्या पुस्तकात त्याला अपवर्तन म्हटले आहे. शब्द बदलला, प्रकाश पूर्वीसारखाच वाकतो.) हवेतून येणारा किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, शिरताना बराच वाकतो. डोळ्याच्या आतले भिंग पुढचे बारीक काम करते, पण किरण एकत्र आणण्याचे निम्म्याहून अधिक काम पारपटलच उरकते. किरण किती वाकणार हे दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतल्या फरकावर ठरते. हवेचा अपवर्तनांक १, पारपटलाचा सुमारे १.३८. फरक चांगला मोठा. पाण्याचा मात्र १.३३. म्हणजे पाण्यात डोळा उघडला की फरक जवळजवळ उरतच नाही. किरण न वाकताच आत शिरतात आणि प्रतिमा दृष्टिपटलावर नीट पडत नाही.

मग मासे कसे पाहतात? त्यांचे भिंग आपल्या भिंगासारखे चपटे नसते, अगदी गोल असते. माशाच्या कालवणात डोळ्यातून एक कडक पांढरी गोळी निघते ती पाहिली असेल. तेच ते भिंग. शिजल्यावर पांढरे झालेले.

आपल्याला गोल भिंग मिळणे शक्य नाही. म्हणून आपण डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा घेऊन पाण्यात जातो. मुखवटा म्हणजे दुसरे काही नाही, काचेमागे कोंडलेली हवा. डोळ्याला हवा मिळाली की पारपटल पुन्हा कामाला लागते. पण त्यात एक गंमत होते. पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना किरण वाकतात, त्यामुळे चार मीटरवरचा मासा तीनच मीटरवर आहे असे वाटते आणि तो सुमारे एक-तृतीयांशाने मोठा दिसतो. समुद्रात एवढा मोठा मासा पाहिला म्हणून हात पसरून सांगणाऱ्याच्या हातांतून चौथा हिस्सा वजा करायला हरकत नाही.

आता नळी. ती साधारण ३५ ते ४० सें.मी. लांब असते. हुशार मुलाच्या मनात लगेच येईल, नळी दोन मीटर लांब केली तर? तळाशी आरामात बसून श्वास घेता येईल! कल्पना नवी नाही आणि ती जिवावर बेतणारी आहे. का, ते मोजून पाहू.

पाण्यात एक मीटर खाली गेलो की दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम वजनाचा जादा दाब येतो. छातीच्या पुढच्या भागाचे क्षेत्रफळ १,००० चौ. सें.मी. धरा. १,००० गुणिले १०० ग्रॅम, म्हणजे १०० किलो! ज्वारीचे भरलेले पोते छातीवर ठेवून श्वास घेण्यासारखे हे आहे. फुप्फुसातली हवा नळीतून बाहेरच्या हवेशी जोडलेली असल्याने तिचा दाब वाढत नाही. बाहेरून पाणी दाबते आणि आतून परत दाबणारे कोणी नाही. छातीचे स्नायू एवढे पोते सतत उचलू शकत नाहीत.

दुसरी अडचण आकारमानाची. मोठा माणूस शांतपणे एका श्वासात सुमारे ५०० घन सें.मी. हवा आत घेतो. नळीचा आतला व्यास २ सें.मी. असेल तर ४० सें.मी. लांबीच्या नळीत १२५ घ. सें.मी. हवा मावते. सोडलेल्या श्वासातली एवढी शिळी हवा पुढच्या श्वासाला परत आत येते. ते चालते, थोडा खोल श्वास घेतला की झाले. दोन मीटर नळीत मात्र ६२८ घ. सें.मी. हवा मावते. म्हणजे श्वास सोडला तरी हवा नळीबाहेर पडतच नाही आणि घेतला तर तीच परत येते. माणूस आपलीच वापरलेली हवा पुन्हा पुन्हा घेत बसतो आणि थोड्याच वेळात बेशुद्ध होतो. म्हणून घरच्या घरी बागेतली रबरी नळी तोंडात धरून असला प्रयोग कोणीही करायचा नाही. विहिरीत नाही, टाकीत नाही, कुठेच नाही.

निसर्गात लांब नळीचा यशस्वी प्रयोग एकाच मोठ्या जमिनीवरच्या प्राण्याने केला आहे. पोहणारा हत्ती सोंड वर काढून श्वास घेतो तेव्हा त्याची छाती बरीच खोल असते. आपले फुप्फुस आणि बरगड्यांची भिंत यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर पोकळी असते. एवढ्या दाबाच्या फरकाने तिथल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटायच्या. हत्तीत ही पोकळीच नाही. त्याचे फुप्फुस चिवट ऊतीने बरगड्यांना चिकटलेले असते.

असो. मुखवटा लावला, नळी धरली, आता पाण्यावर पालथे पडा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्याची घनता गोड्या पाण्याहून थोडी जास्त, आणि तुम्ही विहिरीपेक्षा इथे सहज तरंगता. तरीही तरंगण्याचे जाकीट घातल्यावाचून आणि वाटाड्यावाचून उतरू नका. पाठीवर सदरा असू द्या. पाण्याच्या गारव्यात उन्हाचा चटका कळत नाही आणि रात्री पाठ टेकता येत नाही!

किनाऱ्याकडून किल्ल्याच्या दिशेने तरंगत जाताना खाली पाहत राहा. आधी वाळू. मग वाळूतून डोके काढणारे खडक. त्यांवर पोवळ्यांचे गोळे आणि पसरट तबके, त्यांच्या फटींतून पट्टेरी मासे. पोवळे म्हणजे प्राण्यांची वसाहत. हे प्राणी चुन्याचे घर बांधतात आणि आपल्या शरीरात सूक्ष्म शैवाले पाळतात. शैवालांना प्रकाश लागतो, म्हणून असे प्रवाळ उथळ, स्वच्छ पाण्यातच वाढतात. पाणी नेहमीपेक्षा फार तापले तर ही शैवाले बाहेर टाकली जातात आणि पोवळी पांढरी पडतात. त्याला विरंजन म्हणतात. ते लांबले तर पोवळी मरतात. तुमच्या पायाचा एक धक्का मात्र उन्हाची वाट पाहत नाही, वर्षानुवर्षे वाढलेले बांधकाम एका क्षणात मोडतो. तेव्हा दमलात तरी तळावर उभे राहायचे नाही.

पोवळ्यांच्या नादात आपला मूळ प्रश्न विसरलात काय? खडकांकडे पुन्हा पाहा. किल्ल्याच्या जवळ जावे तसे ते उंच होत जातात, पाण्यातून वर येतात, आणि त्यांच्याच माथ्यावर तटाचे दगड रचलेले दिसतात. तळ आणि बेट यांच्यात कुठेही फट नाही. किनाऱ्याची जमीन खाली उतरली, समुद्राखालून गेली आणि पुन्हा वर चढली. वर चढलेल्या भागाला आपण बेट म्हणतो, एवढेच.

मग बेट आहे की नाही, हे जमीन ठरवते की पाणी? अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिलेल्यांना उत्तर ठाऊक आहे. भरतीला तिथे होडीने जावे लागते, ओहोटीला लोक पायी जातात. जमीन तीच. पाणी दिवसातून दोनदा तिला बेट करते आणि दोनदा सोडते. काळाचा पट्टा लांबवून पाहा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, पृथ्वीवरचे खूपसे पाणी बर्फ होऊन जमिनीवर साठले होते आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा श्रीलंका बेट नव्हती, भारताला जोडलेली होती. घारापुरीही बेट नव्हती, एक टेकडी होती.

हे ध्यानात घेऊन आता परत अक्कलकुव्याला चला. दोन टापूंमध्ये आपण होडी सोडून गेलो होतो. खालचे पाणी अजून तसेच गढूळ आहे. पण आता तळ न पाहताही आपल्याला काही गोष्टी सांगता येतील.

एक तर हे टापू म्हणजे सातपुड्याच्या टेकड्यांचे माथे आहेत. दोन टापूंच्या मधले पाणी म्हणजे दोन टेकड्यांच्या मधली दरी. काठ म्हणजे वाळूची पुळण नव्हे, तो डोंगराचा उतार आहे. हा फरक जिवाचा आहे. पुळणीचा उतार पन्नासात एक असेल तर दोन मीटर खोलीला पोचायला तुम्हांला १०० मीटर चालावे लागते. डोंगरउतार दोनात एक असेल तर ४ मीटरच. आठ-नऊ पावलांत डोक्यावरून पाणी! त्यात पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे, मासेमारीची जाळी आणि निसरडी माती. म्हणून मालवणची मुखवट्याची हौस या जलाशयात करायची नाही. पोहता येणाऱ्यानेही नाही.

दुसरे, इथेही भरती-ओहोटी आहे, फक्त ती वर्षाची आहे. पूर्ण भरल्यावर पातळी १३८.६८ मीटर, आणि पाणी वापरत वापरत खाली न्यायची ठरलेली किमान पातळी ११०.६४ मीटर. फरक २८ मीटरचा, नऊ मजली इमारतीएवढा. पाणी खाली गेले की आश्विनातला टापू वैशाखात काठाला चिकटलेला सोंडेसारखा डोंगर होऊ शकतो, आणि आश्विनात पाण्याखाली असलेला एखादा माथा वैशाखात नवे बेट होऊन वर येऊ शकतो. होडीवाल्याला दर महिन्याला नवा भूगोल शिकावा लागतो.

टेकडीचे बेट झाले की तिच्यावरच्या प्राण्यांचे काय होते, हाही एक प्रश्न आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली तेव्हा, १९१३ च्या सुमारास, एका डोंगराचे असेच बेट झाले. त्याचे नाव बारो कोलोरॅडो. १९२३ पासून शास्त्रज्ञ तिथे राहून अभ्यास करीत आहेत. त्यांना आढळले की बेट झाल्यावर पक्ष्यांच्या काही जाती तिथून हळूहळू नाहीशा झाल्या, जंगल जसेच्या तसे असूनही. पंख असलेले पक्षी! काही वनपक्ष्यांना मोकळ्या पाण्यावरून उडण्याची सवयच नसते. शंभर मीटर पाणी त्यांना भिंतीसारखे असते.

आता एक प्रयोग करा. घरातली मोठी परात घ्या. तीत चिकणमातीचे दोन डोंगर करा, एक उंच, एक बुटका, मध्ये खिंड ठेवा. परातीत एक सें.मी. पाणी ओता आणि पाणी जिथे मातीला टेकते तिथे काडीने रेघ ओढा. आणखी एक सें.मी. पाणी, पुन्हा रेघ. असे करीत जा. एका क्षणी खिंड बुडेल आणि एका डोंगराची दोन बेटे होतील. त्या क्षणी थांबून नीट पाहा. मग पाणी काढून टाका आणि वरून बघा. डोंगरांवर एकात एक अशी वेडीवाकडी कडी दिसतील. प्रत्येक कडे म्हणजे एकाच उंचीवरची रेषा, म्हणजेच समोच्च रेषा. भूगोलाच्या तासाला ज्या रेषांचा कंटाळा येतो, त्या खरे तर काठाच्या रेषा आहेत. पाणी इतके चढले तर काठ कुठे येईल हे सांगणाऱ्या.

पाण्यात न उतरता तळ पाहण्याची युक्ती ती हीच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे असतात. त्यांत समोच्च रेषा बहुधा दर २० मीटरला काढलेल्या असतात. तुमच्या शिक्षकांना विचारून नर्मदाकाठचा, धरणापूर्वी पाहणी झालेला नकाशा मिळवा. (महाविद्यालयांच्या भूगोल विभागात जुने नकाशे जपून ठेवलेले असतात.) मूळ नकाशाला हात लावू नका, त्यावर पातळ कागद ठेवून गिरवा. आता तो लक्षात ठेवलेला आकडा काढा. १३८.६८, म्हणजे जवळजवळ १४०. नदीच्या दोन्ही बाजूंची १४० मीटरची रेषा शोधा आणि तिच्या आतला भाग फिक्या निळ्या रंगाने रंगवा. जलाशयाचा आकार उमटू लागेल, डोंगरांच्या घळींत बोटे घातल्यासारखा. निळ्याच्या मध्ये जी बंद कडी कोरी राहतील ती बेटे. मग १२० मीटरच्या रेषेच्या आतला भाग गडद निळा करा. फिका भाग दरसाल उघडा पडू शकणारा, गडद भाग खोलातला. दोन बेटांच्या मध्ये फक्त फिका रंग असेल तर उन्हाळ्यात पाणी पुरेसे उतरल्यावर ती एकमेकांना जोडली जातील.

रंगवताना कागदाखालच्या नकाशावर आणखी काही दिसेल. निळ्या भागात पायवाटांच्या तुटक रेषा आहेत, नाल्यांची नावे आहेत, घरे दाखवणारे लहान चौकोन आहेत. इथले काही लोक तळोदे तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतींत गेले, काही डोंगराच्या वरच्या अंगाला सरकून तिथेच राहिले. तुम्ही अक्कलकुवा, धडगाव किंवा तळोदे भागात राहत असाल तर हा रंगवलेला कागद घेऊन अशा एखाद्या घरातल्या आजी-आजोबांकडे जा. मुखवटा न लावता हा तळ पाहिलेली माणसे तीच आहेत. ती त्यावरून चालली आहेत, तिथे त्यांनी पेरणी केली आहे. कोणत्या टापूवरून कोणत्या टापूवर पूर्वी पायी किती वेळात जाता येई, मधला नाला कुठे ओलांडत, मोहाची झाडे कोणत्या उतारावर होती, हे विचारा. नकाशावर न छापलेली नावे ते सांगतील. ती पेन्सिलीने निळ्या रंगावर लिहून घ्या.